वाटणीत आलेलं जपानी चित्र

रावेरहून निघताना ज्योत्स्नाच्या भावाने, देवचंदने, ते चित्र स्वतःच्या हातांनी गाडीत ठेवलं होतं. जुन्या गोधडीत गुंडाळून, वर सुतळीचे वेढे देऊन. "जपून नेजो, ज्योती," तो म्हणाला होता, "नानांचा जीव होता त्याच्यात." त्याच्या ड्रायव्हरने ज्योत्स्नाला जळगावच्या बसस्थानकावर सोडलं आणि तिथून ती गोधडी मांडीवर घेऊन धुळ्याच्या एसटीत बसली. पारोळा मागे पडल्यावर रस्त्यात म्हैस आडवी आली, बस करकचून थांबली आणि गोधडीतून बारीक कट् असा आवाज झाला. धुळ्यात रिक्षात बसताना घडीतून काचेचा एक तुकडा तिच्या पायाशी पडला.

"अक्का, काच फुटी गई वाटस. हात संभाळा," रिक्षावाला म्हणाला.

चित्राला काही झालं नव्हतं. घरी येऊन तिने काचा वेचल्या, चित्र पलंगावर ठेवलं आणि पंख्याखाली बसून बराच वेळ बघत राहिली. बर्फातली नदी. नदीत एक नाव आणि नावेत गाठोडं छातीशी धरून बसलेली बाई. मागे वल्हं मारणारा माणूस, त्याची नुसती पाठ दिसते. पलीकडचा काठ काढलेलाच नाही, तिथे फक्त पांढरा कागद. लहानपणी, मे महिन्यात बाहेर केळीची पानं करपत असताना, ज्योत्स्ना त्या बर्फासमोर चटईवर पालथी पडून राहायची. ही बाई कुठे चालली आहे, असं तिने एकदा नानांना विचारलं होतं.

"सासरी नही, एवढं नक्की," नाना म्हणाले होते. "सासरी जानारीसंगं इतकं कमी सामान कोन देतं?"

नाना म्हणजे तिचे वडील, रुपचंद महाजन. रावेरला केळीचा व्यापार आणि नदीकडे स्वतःचं केळीचं शेत. भुसावळला कुणी रेल्वेचे साहेब निवृत्त होऊन गाव सोडत होते, त्यांच्या सामानाच्या लिलावाला नाना छताचा पंखा घ्यायला गेले होते. पंखा दुसऱ्याने नेला. हे चित्र निघालं तेव्हा कुणीच बोली बोलेना, म्हणून नानांनी हात वर केला. पुढे कुणीही विचारलं की ते एवढंच सांगायचे, "जपानचं हाये." त्याची किंमत त्यांनी कधी काढली नाही. गेल्या पावसाळ्यात नाना वारले आणि त्यानंतरच कधी तरी घरात 'लाखामोलाचं चित्र' असं बोललं जाऊ लागलं.

यंदाची आखाजी नानांच्या मागची पहिली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशात लेकी माहेरी येतात, तशी ज्योत्स्नाही आली होती. घरात दुःख होतं म्हणून झोका बांधला नव्हता. जेवणं झाल्यावर देवचंद तिच्यासमोर येऊन बसला. नदीकडच्या शेताचे तुकडे करू नयेत असं त्याला वाटत होतं. विहीर एक, पाइपलाइन एक, केळी तोडायला ट्रक जातो तो रस्ताही एकच. तिने हक्कसोड करून द्यावी आणि तिच्या वाट्याचं म्हणून नानांचं चित्र न्यावं. त्याने एक जाड कागदही पुढे केला. नाशिकच्या कुण्या मूल्यांकन करणाऱ्याचं प्रमाणपत्र, खाली सोनेरी शिक्का. त्यावर लिहिलेल्या रकमेत धुळ्यात बऱ्यापैकी फ्लॅट आला असता.

"तुले कमी पडू देनार नही मी," देवचंद म्हणाला.

ज्योत्स्नाने जमिनीचा विचार कधी मनात आणला नव्हता. चित्राचा मात्र आणला होता, पण भावाच्या बैठकीतून ते मागायचं कसं, म्हणून गप्प होती. ती लगेच हो म्हणाली. रजिस्टर ऑफिसचा दिवसही ठरला. धुळ्यात आल्यावर, ज्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये ती रक्त तपासायचं काम करायची तिथे तिने सगळ्यांना कौतुकाने सांगितलं की बघा, वाटणीच्या वेळी भाऊ असे असतात.

काच तेवढी बदलायची राहिली होती.

धुळ्यात जुन्या चित्राला निर्धास्तपणे हात लावू द्यावा असे रतिलाल सर होते. मुंबईच्या एका संग्रहालयात जुने कागद आणि चित्रं दुरुस्त करण्यात त्यांचं सगळं आयुष्य गेलं होतं. निवृत्त झाल्यावर गावी येऊन त्यांनी आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत फ्रेमचं दुकान टाकलं. पुढे देवांच्या तसबिरी आणि साखरपुड्याचे फोटो, मागच्या खोलीत त्यांच्या आवडीचं काम. धुळ्या-जळगावकडे कुणाच्या घरी काही जुनं निघालं की लोक त्यांच्याकडे दाखवायला आणत.

सरांनी गोधडी उलगडली, चित्राकडे बघितलं आणि सहज बोलून गेले, "हे परत आलं?"

"परत म्हणजे?" ज्योत्स्नाने विचारलं.

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "काच बदलून ठेवतो. संध्याकाळी घेऊन जा."

"सर, परत म्हणजे काय?"

"माझ्याकडे कोण काय दाखवून गेलं ते मी दुसऱ्याला सांगत नाही, ताई. डॉक्टर सांगतो का?"

"मी लॅबमध्ये काम करते. कुणाचा रिपोर्ट कुणाला द्यायचा नाही ते मला कळतं," ज्योत्स्ना म्हणाली. "पण हे चित्र आता माझं आहे. ह्याचा रिपोर्ट मला मिळायला हवा. आणि आणणाऱ्याचं नाव तुम्ही सांगू नका, मीच सांगते. उंच, कपाळावर व्रण, बोलताना घड्याळ फिरवायची सवय. देवचंद महाजन, रावेर. माझा भाऊ."

सरांनी मागच्या खोलीतला दिवा लावला आणि तिला स्टूल दिलं. "बसा. मी सांगत बसण्यापेक्षा तुम्हीच बघा. भिंगातून बघायची तुम्हाला सवय असेल."

त्यांनी चित्र फ्रेममधून मोकळं केलं, टेबलावर पांढऱ्या कापडावर ठेवलं आणि जाड भिंग तिच्या हातात दिलं. ज्योत्स्ना वाकली. नावेतल्या बाईचा निळा झगा एवढा मोठा झाला की त्यातले कागदाचे धागे दिसू लागले.

"ठिपके दिसतात का? कॅलेंडरवर दिसतात तसे, बारीक, रंगीबेरंगी?"

"नाही. सलग रंग आहे."

"म्हणजे हे मशीनवर छापलेलं कॅलेंडर नाही. आता उलटं करू." त्यांनी कागद दोन्ही हातांनी अलगद पालथा केला. मागच्या बाजूला निळा रंग पाझरून आला होता आणि त्यावर तिरप्या उजेडात गोल गोल घासल्याच्या खुणा दिसत होत्या. "प्रत्येक रंगाची लाकडी फळी वेगळी कोरायची. फळीला रंग लावायचा, वर कागद ठेवायचा आणि मागून हाताने घासायचा. ह्या त्या घासण्याच्या खुणा. एका चित्राला अशा किती तरी फळ्या."

ज्योत्स्नाला बरं वाटू लागलं. "म्हणजे खरं आहे."

"हाताने छापलेलं आहे, हे खरं. जुनं आहे, हे खरं नाही." सरांनी भिंग पुन्हा चित्रावर नेलं. "ही वल्ह्याची रेघ बघा. केसाएवढी बारीक आणि कुठेही तुटलेली नाही. जुन्या काळी एकेका फळीवरून शेकड्यांनी कागद छापायचे, कडा झिजायच्या, रेघा तुटायच्या. तेव्हाचा कागद आज मिळाला तर त्यात कुठे ना कुठे ते दिसतं. गाठोड्याचा हा जांभळा रंग बघा. जुना जांभळा वनस्पतीचा, उन्हाने उडून जायचा. तुमच्याकडे हे कुठे टांगलेलं होतं?"

"बैठकीत. पश्चिमेच्या दारासमोर."

"रावेरचं पश्चिमेचं ऊन इतकी वर्षं खाऊनही हा असा ताजा. हा कारखान्यात तयार झालेला रंग आहे. मूळ चित्र दोनेकशे वर्षांपूर्वीचं असेल. ते बघून कुणीतरी फळ्या नव्याने कोरल्या आणि हे छापलं, आपल्या आजोबा-वडिलांच्या काळात. तिकडे असं करून विकतात, राजरोस. त्यात लबाडी नाही. कशी नाही तेही दाखवतो."

चित्राभोवती पुठ्ठ्याची जाड चौकट होती, माउंट म्हणतात ते. नानांच्या वेळी ती पिवळट होती एवढं ज्योत्स्नाला आठवत होतं. ही कोरी पांढरी होती. सरांनी ती उचलली. खाली, चित्राच्या डाव्या कडेला, बोटभर कोऱ्या जागेत उभी बारीक जपानी अक्षरं होती.

"मागच्या वेळी मी ह्याचा फोटो काढून मुंबईच्या एका मित्राला पाठवला होता. त्याला जपानी येतं. ही नक्कल आहे असं ह्यात सरळ लिहिलंय. फळ्या कोरणाऱ्याचं नाव आहे, छापणाऱ्याचं नाव आहे. चित्र स्वतःबद्दल काही लपवत नाही, ताई. ही पट्टी आधी उघडी होती. नवीन माउंटची मधली खिडकी अरुंद कापून ती कुणीतरी झाकली. हे माउंट माझ्या दुकानातलं नाही."

दुकानाच्या पुढच्या भागात कुणीतरी फ्रेमचा भाव विचारत आलं. सरांनी तिथूनच नंतर यायला सांगितलं.

"हे सगळं तुम्ही त्यालाही सांगितलंत?" ज्योत्स्नाने विचारलं.

"दिवाळीच्या आधी. ह्याच टेबलावर. लेखी द्या म्हणाले. मी म्हटलं, देतो. मग म्हणाले, असं नको, दुसरं लिहून द्या. त्याला मी नाही म्हटलं."

ज्योत्स्नाने पिशवीतून ते जाड प्रमाणपत्र काढून टेबलावर ठेवलं. सरांनी ते दिव्याखाली धरून दोनदा वाचलं. "ह्यात कागद कोणता, रंग कोणते, छपाई कशी, एक अक्षर नाही," ते म्हणाले. "नुसती किंमत लिहिली आहे."

तिला आधी राग आला नाही. आधी लाज वाटली. लॅबमध्ये भावाचं केलेलं कौतुक आठवलं, आखाजीला देवचंद समोर बसून घड्याळ फिरवत होता ते आठवलं, आणि आपण किती चटकन हो म्हणालो ते आठवून कान तापले. दिवाळीला त्याला माहीत होतं. आखाजीपर्यंत अख्खा हिवाळा गेला. मधे किती तरी वेळा फोनवर तिची विचारपूस केली त्याने.

"ह्याची खरी किंमत काय?"

"आवडणारा भेटला तर एखाद्या बऱ्या मोबाईलएवढी येईल. नाही भेटला तर फ्रेमची." सर म्हणाले, "एक सांगू? चित्रावर राग काढू नका. काम उत्तम आहे. मी संग्रहालयात असताना असं हातात आलं असतं तर दिवसभर खूश राहिलो असतो."

"मी चित्रावर का रागावू?" ज्योत्स्ना म्हणाली. "सर, तुम्ही जे आता दाखवलंत ते सगळं लिहून द्या. किमतीसकट. खाली सही करा."

सरांनी मान हलवली. "भावाबहिणीच्या भांडणात मला ओढू नका."

"भांडण माझं मी बघते. मला फक्त रिपोर्ट हवाय. रक्तात जे दिसतं ते मी लिहिते, मग घरच्यांना ते आवडो न आवडो. तुम्हीही तेवढंच करा."

सर हसले. त्यांनी खण उघडून कोरा कागद काढला. काच बदलली, माउंटही बदललं. खिडकी रुंद कापली, अक्षरं दिसतील अशी.

घरी ईश्वरने सगळं ऐकून घेतलं. ज्योत्स्नाचा नवरा वीज कंपनीतून निवृत्त झालेला, सावध माणूस. त्याने चहाचा कप खाली ठेवला.

"सोडून दे," तो म्हणाला. "आपल्याला काय कमी आहे? त्या जमिनीसाठी माहेर तुटेल. चार लोक म्हणतील, बाप गेला आणि ही वाटा मागायला उभी राहिली."

"म्हणू देत."

"माझ्या बहिणींनी नाही का सह्या केल्या? ह्या घरावर त्यांचाही..." एवढं बोलून ईश्वर थांबला. ज्योत्स्ना त्याच्याकडे नुसती बघत होती. त्याने कप उचलला, पुन्हा खाली ठेवला आणि बाहेर गॅलरीत जाऊन उभा राहिला. जेवायला बसताना म्हणाला, "रावेरला मी पण येतो. मधे बोलणार नाही. पण येतो."

ठरलेल्या दिवशी ते सकाळीच रावेरला पोचले. अंगणापलीकडे ट्रक उभा होता आणि मजूर केळीचे क्रेट चढवत होते. बैठकीत देवचंद, वहिनी, साक्षीदार म्हणून बोलावलेले झुलाल काका आणि कोपऱ्यात पलंगावर आई. आई, सुनंदाबाई, ऐंशीच्या घरातली. नाना गेल्यापासून तिने बोलणं अगदी कमी केलं होतं. चित्र होतं त्या जागी भिंतीवर चौकोनी पांढरा डाग उठून दिसत होता.

"चला, ऑफिस उघडलं असंन," देवचंद म्हणाला. "सही झाली की इथंच जेवन."

"मी सही करत नही, भाऊ," ज्योत्स्ना म्हणाली.

वहिनीच्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला. झुलाल काकांनी घसा साफ केला. "काहून वं बाई? आखाजीले तर हो म्हने."

ज्योत्स्नाने रतिलाल सरांचा कागद काकांच्या हातात दिला. काकांनी चष्मा शोधला, सावकाश वाचला, आणि वाचता वाचता मधेच देवचंदकडे बघितलं. बाहेर मजुरांचा आवाज येत होता.

"हा कोन रतिलाल?" देवचंद म्हणाला. "धुळ्याचा फ्रेमवाला. त्याले काय कळतं?"

"दिवाळीच्या आधी तूच त्याच्याकडे गेल्ता," ज्योत्स्ना म्हणाली. "तेव्हा तुले वाटलं की त्याले कळतं."

देवचंदचा हात घड्याळावर गेला. त्याने नाही म्हटलं नाही, हे ज्योत्स्नाच्या लक्षात आलं. तिथपर्यंत तिला कुठेतरी वाटत होतं की तो म्हणेल, मी गेलोच नव्हतो, कुणी तरी दुसराच असेल.

"ऐक," तो म्हणाला. आवाज खाली आला होता. "तीस वर्सं मी त्या वावरात हाये. वादळानं उभी केळी झोपली तेव्हा मी होतो. रोग आला, बाग उपटून फेकली, तेव्हाबी मीच. तुकडे झाले तर काय राहीन? आन तुले नुसती सही कर म्हनलं असतं तर लोक म्हनले असते, देवचंदनं बहिणीले लुबाडलं. म्हनून काही तरी मोठं द्यावं वाटलं."

"मग मोठं द्यायचं," ज्योत्स्ना म्हणाली. "मोठं लिहून कशाले दिलं?"

"पैसे देतो मंग. चित्र ठेव, वरून पैसे घे. काकांसमोर सांगतो." त्याने रक्कमही सांगितली. ती लहान नव्हती. ईश्वरने एकदा मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

"तू आखाजीले खरं बोलला असता," ज्योत्स्ना म्हणाली, "की ज्योती, चित्र स्वस्तातलं हाये, पन तुले आवडतं म्हनून ने, आन मले सही दे, तर मी फुकट दिली असती. इथं बसून दिली असती." ती थांबली. पुढचं एकेक शब्द सुटा करून बोलली. "आता वाटतं, तेबी चुकलंच असतं. बरं झालं तू खोटं बोलला. मले विचार करावा लागला. नानांची मी लेक हाये. तुझी दया नको आन तुझा सोनेरी शिक्का पन नको. माझं नाव लागंन त्या शेतावर. तुकडे पाडायले मी आज सांगत नही. पन नाव लागंन."

"कोर्टात जाशीन भावावर?"

"जावं लागलं तर जाईन."

"मंग आखाजीले तोंड घेऊन येऊ नको इथं," वहिनी म्हणाली.

"वहिनी, हे घर नानांचं. मी केव्हा यायचं ते मी ठरवीन."

"चित्र परत दे मंग," देवचंद म्हणाला.

"ते नही देत. वाटनीत ते बी धर. एका मोबाईलची किंमत, कागदावर लिहिली हाये. माझ्या वाट्यातून तेवढी कापून घे."

झुलाल काकांनी कागदाची घडी करून तिला परत दिली. साक्षीदार म्हणून आता त्यांचं काम उरलं नव्हतं. ते टोपी घालून निघाले, जाताना कुणाकडेच बघितलं नाही. ज्योत्स्ना आईच्या पाया पडली. आईने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ ठेवला. जेवण झालं नाही. बसस्थानकावर ईश्वरने दोन प्लेट भजी घेतली आणि तिच्यासमोर धरली. "खा," तो म्हणाला. "सकाळपासून उपाशी आहेस." भजी खाताना ती पहिल्यांदा रडली.

पुढचे महिने सोपे गेले नाहीत. तिने वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे अर्ज केला. देवचंदने हरकत घेतली. तारखा पडल्या, कधी साहेब दौऱ्यावर, कधी कागद अपुरे. प्रत्येक तारखेला ती लॅबमधून रजा टाकून धुळ्याहून रावेरला जायची आणि बाहेरच्या बाकावर बसायची. गावातल्या बायका तिला बघून पदर सावरत पुढे जायच्या. एका मावशीने धुळ्यात फोन करून सांगितलं की तुझ्यामुळे नानांच्या आत्म्याला शांती नाही. ज्योत्स्ना म्हणाली, "मावशी, नानांनी लिलावात हात वर केला तेव्हा बी लोक हसलेच होते," आणि फोन ठेवला. राखीला तिने राखी पोस्टाने पाठवली. पाकीट परत आलं. भाऊबीजेला तिने कुणालाच ओवाळलं नाही. त्या दिवशी दांडी न मारता लॅबमध्ये गेली आणि संध्याकाळपर्यंत काम केलं.

मधल्या काळात ईश्वरने एक गोष्ट केली. दोंडाईच्याला दिलेल्या बहिणीकडे तो स्वतः गेला. काय बोलणं झालं ते त्याने सांगितलं नाही. परत आल्यावर एवढंच म्हणाला, "तिने मला आधी पाणीसुद्धा विचारलं नाही. मग पुरणपोळी केली."

दिवाळीनंतर हरकत फेटाळली गेली आणि सातबाऱ्यावर आई, देवचंद आणि ज्योत्स्ना अशी तिघांची नावं लागली. तिने उतारा मोबाईलवर बघितला, पुन्हा बघितला आणि लॅबमधल्या सगळ्यांना वडापाव दिला. कशाबद्दल ते ह्या वेळी तिने सरळ सांगितलं, आखाजीला काय फसवणूक झाली होती तेही.

मार्गशीर्षात देवचंदच्या मुलीचं, पुनमचं लग्न ठरल्याचं बाहेरून कळलं. पत्रिका आली नाही, फोनही नाही.

"बोलावलं नाही तर जायचं कसं?" ईश्वर म्हणाला.

"माझ्या बापाच्या अंगणातलं लग्न आहे. उताऱ्यावर नाव असलेल्या माणसाला पत्रिका लागत नाही," ज्योत्स्ना म्हणाली आणि कपाटातून लग्नातला जांभळा शालू काढला.

मांडवाच्या दाराशी देवचंद पाहुण्यांना टिळा लावायला उभा होता. ती समोर आली. त्याचा हात तसाच राहिला. मागे पाहुण्यांची रांग होती, सगळे बघत होते. "नमस्कार, भाऊ," ज्योत्स्ना म्हणाली आणि कपाळ पुढे केलं. क्षणभर तो टिळा लावेलसं वाटलं. मग त्याने कुंकवाची वाटी शेजारच्याच्या हातात दिली आणि आचाऱ्याला काही विचारायचं असल्यासारखा आत निघून गेला. शेजारच्या माणसाने टिळा लावला. ती आत गेली.

बायकांच्या बाजूला खुर्च्या भरल्या होत्या. तिला बघून कुजबुज झाली. एकीने शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर पर्स ठेवली. पुढच्या ओळीत सुनंदाबाई बसली होती, नातीच्या लग्नाचं कोरं लुगडं नेसून. तिने मान वळवून लेकीला पाहिलं, आपल्या शेजारी बसलेल्या विहिणीच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बाई, तुम्ही जरा तिकडं बसा. माझी लेक आली."

ज्योत्स्ना बसली. मंगलाष्टकं सुरू झाली, अक्षता पडू लागल्या. दोघीही समोर बघत होत्या. आईने तिच्या मुठीत आपल्या वाट्याच्या अक्षता दिल्या. वाजंत्री वाजू लागली तेव्हा ती ज्योत्स्नाच्या कानाशी वाकली.

"तू जे केलं त्याले किती दिवस लागले?"

"सात-आठ महिने. काहून?"

"माझ्या बापाचं वावर व्हतं सावद्याकडं. विहिरीवालं. बाप गेला तव्हा माझ्या भावांनी सही नही घेतली माझी. मले लिहिता येतं व्हतं, तरी अंगठा घेतला. म्हने, पोरीले सही कशाले." आईचे डोळे नवरानवरीकडेच होते. "आता मागता येतं का ते?"

ज्योत्स्नाने आईकडे पाहिलं. एवढं लांब बोलणं नाना गेल्यापासून तिने आईच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

"ते फार जुनं हाये, माय. मिळंन की नही, सांगता येत नही."

"मिळो, न मिळो. इचारायले काय जातं?"

"गट नंबर आठवतो का?"

"नंबर कोन सांगे आमाले," सुनंदाबाई म्हणाली. "बांध आठवतो. बांधावर आंबा व्हता, शेंदऱ्या. त्याच्यापासून विहिरीपर्यंत. डोळे मिटून चालत जाईन मी."

मांडवात जेवणाची पानं मांडली जात होती. पंगतीत बसायला बायका उठू लागल्या. ज्योत्स्नाने आईला हाताला धरून उठवलं.

"मंग सोमवारी चल," ती म्हणाली. "आधी बांध दाखव. तिथूनच तलाठ्याकडं जाऊ."